हजेरीपटावरची लाल रेघ

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, बंद पडलेल्या धर्मविद्यालयाचा शेवटचा लेखनिक, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय माझी अखेरची इच्छा लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नीला माझ्या शुद्धीबद्दल लग्नापासून शंका आहे, ती येथे ग्राह्य धरू नये.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीस, तिच्यामागे मुलीस.

२. विद्यालयाच्या ग्रंथालयाची किल्ली फरशीच्या व्यापाऱ्यास. इमारत घेतल्यावर त्याने कुलूप तोडले आणि प्रार्थनागृहात फरश्या रचल्या. किल्ली मागायला दोन घरे चालत यायचे होते, तेवढेही त्याच्याने झाले नाही.

३. हजेरीपट मुलीस. त्याबद्दल थोडे सांगणे भाग आहे. आमच्याकडे एकदा लिहिलेले नाव कधीच कमी होत नसे. कुणी शिक्षण सोडून गेला तरी प्राचार्य रोज सकाळी त्याचे नाव पुकारत आणि सगळा वर्ग म्हणे, "येईल." काहीजण खरेच परत आले.

माझा धाकटा भाऊ विद्यालय सोडून घड्याळदुरुस्ती शिकायला निघून गेला, तेव्हा मला चारचौघांत तोंड दाखवायची लाज वाटली. कुणालाही न विचारता मी पट्टी धरून त्याच्या नावावर लाल रेघ मारली. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सवयीने त्याचे नाव पुकारलेच. वर्ग काही म्हणायच्या आत मी म्हणालो, "तो कमी झाला." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुढचे नाव घेतले.

मग जो जाई त्याचे नाव कमी होऊ लागले. पहिल्या रेघेला पट्टी लागली, पुढच्या मी नुसत्या हाताने मारल्या. सहा वर्षांत पुकारायला नावच उरले नाही. लोक गावात निघालेल्या नव्या शाळेला दोष देतात. मला खरे कारण ठाऊक आहे.

भावाच्या कानावर हे त्याच दिवशी गेले. एका गल्लीत राहून एकेचाळीस वर्षे आम्ही बोललो नाही. गेल्या आठवड्यात मी त्याचे नाव पटावर पुन्हा लिहिले. अक्षर वाईट आले आहे. मला त्याची माफी हवी आहे आणि समोर जाऊन मागायचे धैर्य नाही.

४. दुसऱ्या साक्षीदाराची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवली आहे. मुलीने काल त्याला हा मसुदा वाचून दाखवला. ऐकून तो पुन्हा हातातल्या घड्याळाच्या कामाला लागला, असे ती म्हणते. तो न आल्यास शेजारचा शिंपी सही करील. त्याला बोलावून बसवले आहे.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
सोमवार, ४ मार्च, सकाळी साडेआठ, म्हणजे हजेरीची वेळ

लिहून ठेवणार: लेखनिक (सही)

साक्षीदार १: कोपऱ्यावरचा न्हावी (सही)

साक्षीदार २: लेखनिकाचा धाकटा भाऊ, घड्याळजी (सही)
हजर.