स्वप्नांचा पुरवठा

३ मार्च
आजपासून कलेला वाहून घेतलं. महिनाअखेरीस ग्रंथालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे: स्वप्नांवरून सुचलेली काळीपांढरी डिजिटल कोलाजं. म्हणजे निरनिराळ्या फोटोंतले तुकडे कॉम्प्युटरवर कापायचे आणि जिथे नसावेत तिथे चिकटवायचे. तक्रार विभागात मी इतकी वर्षं दुसरं काय करतोय?

मागची छोटी खोली स्टुडिओ म्हणून ताब्यात घेतली. बायको म्हणाली, ती मला शिवणाच्या मशीनसाठी हवीय. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, प्रदर्शनात ज्याचं नाव लागेल त्याची खोली. हिचं नाव लागायचा प्रश्नच नाही, म्हणून मी मोठ्या मनाने ‘ज्याचं’ म्हटलं.

५ मार्च
झोपेत काही बोललो तर वाया जाऊ नये म्हणून मोबाइल रेकॉर्डिंगला लावून झोपलो. सकाळी ऐकलं. नुसतं घोरणं. मध्ये एकदा हिचा आवाज: कुशीवर व्हा.

८ मार्च
पोट जड असलं की स्वप्नं पडतात म्हणे. दोन्ही वेळा दाबून जेवलो. स्वप्न नाही. अ‍ॅसिडिटी.

११ मार्च, दुपार
ऑफिसात टेबलावर डोकं टेकून प्रयोग केला. पडलं एकदाचं. स्वप्नात मी एका बाईंची गळक्या नळाची तक्रार नोंदवून घेत होतो. जाग आली तर समोर त्याच बाई, तीच तक्रार. साहेब म्हणाले, घोरत ऐकलेली तक्रार धरता येत नाही, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगू द्या. साहेबांना कलेतलं ओ की ठो कळत नाही.

१२ मार्च
हिला मात्र रोज स्वप्नं पडतात. नुसती फुकट जातात. आज चहा पिताना सांगत होती: फ्रिज उघडला तर आत तिचा भाऊ खुर्ची टाकून बसलेला. म्हणाला, दार लाव, गारवा जातोय. आणि छतावर तिची आत्या उलटी चालत होती, मागे कपाटांची रांग. मी म्हटलं, काहीतरीच तुझं. मग बाथरूममध्ये जाऊन कडी लावून सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. याला चोरी म्हणत नाहीत. घरातली वस्तू घरातच राहिली.

१६ मार्च
काम जोरात. मेहुण्याचा लग्नातला फोटो कापला. कापताना एक कान उडाला. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसराही उडवला.

फोटो सगळे रंगीत. एकेक काळापांढरा करत कोण बसणार? मी सेटिंगमध्ये जाऊन अख्खा स्क्रीनच काळापांढरा करून टाकला. एका फटक्यात सगळं जमलं. डोकं लागतं. लेक काहीतरी सांगायला आली होती. तिला म्हटलं, कलावंताला कामात टोकायचं नसतं.

१९ मार्च
रोज सकाळी हिला विचारतो, काल काय पडलं? आज म्हणाली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही माझं शेवटपर्यंत ऐकताय. आवाज जरा ओला झाला होता. मी माझं बिस्किट तिच्या बशीत ठेवलं. नाहीतरी मऊ पडलं होतं. मग विचारलं, कपाटं लाकडी होती की लोखंडी? लाकडी.

२३ मार्च
प्रिंट आणली. प्रिंटिंगवाल्याने विचारलं होतं, रंगीतच ना? मी हसलो. म्हटलं, डोळे आहेत ना, जशी आहे तशी काढा. त्याने तशीच काढली. आत्याबाई जांभळ्या कोटात, मेहुणा टोमॅटोसारखा लाल, कपाटं पोपटी. स्क्रीन काळापांढरा असला तरी आतलं चित्र रंगीतच राहतं, असं लेक म्हणते. हे आधी सांगायला काय झालं होतं?

ही मात्र चित्राच्या अगदी जवळ गेली. मग म्हणाली, हे माझं स्वप्न आहे. मी म्हटलं, स्वप्नं काय, सगळ्यांची सारखीच असतात. म्हणाली, त्यात माझीच आत्या असते? मी विषय बदलला.

संध्याकाळी तिनेच प्रिंटिंगवाल्याला फोन केला. म्हणाली, नुसत्या काळ्या शाईत काढा. झालं काम. असल्या यांत्रिक बाबी मी तिच्यावरच सोपवल्या आहेत.

२७ मार्च
ग्रंथालयात दिलेल्या चित्राची निवड झाली. ग्रंथालयाच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी अंघोळीला होतो. हिने घेतला. काय बोलणं झालं कोण जाणे, बराच वेळ हसत होत्या दोघी. स्टुडिओला नवा पडदा घ्यायचं ठरवलं. काळा.

३० मार्च
प्रदर्शन. चित्राखाली पट्टी. ठळक अक्षरांत हिचं नाव. त्याखाली बारीक: ‘कापाकापी – त्यांचे यजमान’.

बाईंना जाब विचारला. म्हणाल्या, प्रदर्शन स्वप्नांचं आहे. स्वप्न कोणाचं, असं फोनवर विचारलं, तुमच्या मिसेस म्हणाल्या, माझं. तुमचं असेल तर सांगा, पट्टी बदलते. पट्टी जरा तिरकी होती, ती मी सरळ केली.

मेहुण्याने कानांची चौकशी केली. आत्याबाई चित्रापुढे उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या. हिच्याभोवती ही एवढी गर्दी. हातवारे करत सांगत होती, फ्रिज, भाऊ, गारवा, आणि लोक पुढे सरकून ऐकत होते. मीही. छान सांगते. वाटलं, तिला बाजूला घेऊन म्हणावं, चुकलं माझं. तेवढ्यात कोणीतरी मलाच विचारलं, आपण कोण? म्हटलं, यजमान.

१ एप्रिल, सकाळ
मशीन खोलीत गेलं. मीच उचलून ठेवलं. कॉम्प्युटर आता चपलांच्या स्टँडशेजारी.

ग्रंथालयाच्या बाईंनी हिच्याकडे पुढच्या प्रदर्शनासाठी आणखी स्वप्नं मागितली आहेत. म्हणजे कापायला माणूस लागणार. अनुभवी माणूस घरात एकच. विचारायला येईलच. लगेच हो म्हणायचं नाही. चांगला भाव खायचा.

१ एप्रिल, संध्याकाळ
हिने कापायला लेकीला घेतलं.

मला म्हणाली, तुम्ही सकाळी ऐकायला बसत जा, तेवढं तुम्हाला जमतं. हो म्हटलं. लगेच.