खिडकीचा कोपरा

बालाघाट, मंगळवार, १३ जुलै २००४

डोकं भणभणून राह्यलं. लॅबसाठी लिहिलेल्या माह्या प्रोग्राममध्ये रक्ताची नवी तपासणी टाकली का तिची ओळ पडद्यावर दिसतच नाही. माउसनं खिडकीचा कोपरा ओढा, मग दिसते! आज लॅबमधल्या सुशीलाताई कोपरा ओढायले विसरल्या. शुगरची ओळ दिसलीच नाही, भरायची राह्यली, आणि किरनापूरचा म्हातारा अर्धाच रिपोर्ट घेऊन गेला. डॉक्टर साऱ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले. मी बाजूलेच बसलो होतो. चूप. काहून चूप? वरून ताई मलेच म्हणे, "भाऊ, चुकलं माह्यं."

खिडकी पुन्हा मांडायची कोडची एक ओळ लिहाची राहिली होती. घरी येऊन दोन मिनिटांत लिहिली. नालायक! आणि पहिल्या दिवशी ताईले कोपरा ओढायले शिकवलं कोणं? मीच. हसत हसत.