शहाऐंशीचं रीडिंग

रविवार, ५ मे

पांडवलेणीच्या पायऱ्या तीनदा. पाठीवर सॅक, सॅकमध्ये आठ किलो तांदूळ. दुसऱ्या फेरीलाच जीभ बाहेर! भाग्यश्री वरून ओरडते — "चला हो शौकतकाका! बाबा असते तर हसले असते तुम्हाला." हसलाच असता कुंदन. आम्ही पॉवर स्टेशनात एकत्र होतो तेव्हा त्याचं हसणं कंट्रोल रूमच्या बाहेर ऐकू यायचं.

पोरगी चोवीस वर्षांची, सातपूरला कंपनीच्या लॅबमध्ये आहे. बापाचा अर्धा राहिलेला ट्रेक पुरा करायचाय म्हणे. तीच हिमाचलमधली खिंड, तेच पंधरा हजार फूट, तोच जून महिना. खिंडीच्या अलीकडच्या कॅम्पवरून खाली आणताना कुंदन वारला, त्याला आता दोन वर्षं होतील. मी त्याच्याच तंबूत होतो.

अनवरी म्हणते, "एकदा जाऊन पोट नाही भरलं तुमचं?" काय सांगू बायकोला!

मंगळवार, ७ मे

कुंदनच्या बायकोनं, मालनवहिनींनी बोलावलं होतं. कुंदनच्या फोटोखाली बसवलं, चहा दिला. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही संगं हाय म्हणून हो म्हणते. नायतर तिला उंबऱ्याभायेर पाय टाकू दिला नसता."

अर्धा कप तसाच ठेवून आलो.

गुरुवार, ९ मे

आज लिहूनच टाकतो. कुणालाच सांगितलेलं नाही, अनवरीलासुद्धा नाही.

वरच्या प्रत्येक कॅम्पवर संध्याकाळी लीडर बोटाला ते चिमट्यासारखं मशीन लावतो. रक्तातला ऑक्सिजन पंचाहत्तरच्या खाली गेला की माणूस दुसऱ्या दिवशी खाली. हुज्जत चालत नाही. तिसऱ्या कॅम्पवर कुंदननं तंबूत स्वतःच्या मशीनवर पाहिलं — सत्तर. तोंड एवढंसं झालं त्याचं. दोन वर्षं रजा साठवली होती गड्यानं. "शौक्या, काहीतरी कर. मला खाली जाऊ देऊ नकोस."

आणि मी केलं! इन्स्ट्रुमेंटवाला ना मी! त्याला म्हटलं, गरम चहाचा कप पाच मिनिटं दोन्ही हातांत धर. लीडर शेजारच्या माणसापर्यंत आला की दहा श्वास भराभर, छाती भरून घे. कप मीच आणून दिला किचनच्या तंबूतून. रीडिंग आलं शहाऐंशी. लीडर म्हणाला, "शाबास अंकल!" आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे हसलो.

पहाटे त्याच्या छातीत खळखळ वाजायला लागली. बोलता येईना. सहा जणांनी उचलून खाली न्यायला घेतला. दुसऱ्या कॅम्पपर्यंतसुद्धा पोचला नाही.

सगळे म्हणाले, डोंगर आहे, कुणाचा दोष नाही. लीडरनं वहिनींना फोनवर सांगितलं — रीडिंग तर चांगलं होतं, कसं झालं कळत नाही. मी शेजारीच उभा होतो.

एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात बत्तीस वर्षं मी एकच काम केलं. मीटर खरं बोलतो की नाही ते बघायचं. प्रत्येक नव्या पोराला ऐकवायचो, मीटर खोटं बोललं तर माणूस मरतो. मीच!

रविवार, १२ मे

ब्रह्मगिरी. ऊन मरणाचं. भाग्यश्री वर पोचून परत मला घ्यायला खाली आली. सावलीत बसल्यावर विचारलं तिनं — "शेवटच्या संध्याकाळी बाबा कसे होते हो, काका?"

"मजेत होता. चहा घेत होता."

खोटं नाही यातलं काहीच. थू माझ्यावर.

शनिवार, १८ मे

ती सामानाची यादी घेऊन घरी आली. यादी म्हणजे कुंदनची खिशातली वही. त्याच्या सॅकमध्ये सापडलेली. मोजे चार, टॉर्चचे सेल, खोबऱ्याच्या वड्या — सगळं त्याच्या तिरक्या अक्षरात. भाग्यश्री आत अनवरीला मदत करायला गेली आणि मी वही चाळली.

शेवटच्या पानावर — "रीडिंगची युक्ती (शौक्या). गरम कप ५ मि. मग १० श्वास जोरात. लीडर जवळ आल्यावरच. ७० चे ८६ झाले!!!"

मेल्या, लिहून ठेवलंस! आतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. पान फाडलं, घडी केली, शर्टच्या खिशात घातली. वही होती तशी ठेवली.

तेव्हाच हाक मारून सांगायला हवं होतं. पान फाडायला दोन सेकंद लागले. तोंड उघडायला दोन वर्षं पुरली नाहीत.

गुरुवार, २३ मे

ट्रेकवाल्यांना डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. ट्रेडमिलवर चालवलं मला. सहाव्या मिनिटाला थांबवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, बाजारातून पिशवी आणा, तेवढं पुरे. हिमालय विसरा."

संध्याकाळी मुझफ्फर आला, अनवरीचा भाऊ. म्हणतो, "दूल्हेभाई, एक डॉक्टर ओळखीचा आहे. बसल्या जागी सही देईल, तपासायची गरज नाही."

त्याच्यावर इतका खेकसलो की अनवरी कणीक भिजवता भिजवता बाहेर आली. बिचारा चहा न घेताच गेला. पुन्हा खोटं रीडिंग नको. निदान माझं तरी नको.

शनिवार, २५ मे

वहिनींना सांगितलं, मी जाऊ शकत नाही. त्या म्हणाल्या, "मंग पोरगीबी नाय जायाची." भाग्यश्री उसळली. "आई, बाबांनी जे बघितलं नाही ते मला बघायचंय. मी जाणार!" मायलेकी दोघी रडल्या.

शेवटी वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही जाऊन आलाय. खरं सांगा, धोका हाय का?"

बोलायची वेळ होती ती. दोघी समोर, खिशात पान. आणि मी म्हणालो, "लीडर रोज रीडिंग घेतात, वहिनी. जरा कमी आलं की लगेच खाली पाठवतात. काळजी नको."

वहिनी म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर धाडते."

या अल्ला!

रविवार, २ जून

आज नक्की सांगणार होतो. भाग्यश्रीबरोबर अंजनेरी चढून उतरलो. नाही सांगितलं.

शनिवार, ८ जून

ट्रेकवाल्यांच्या फॉर्मवर 'तातडीचा संपर्क' म्हणून तिनं माझं नाव टाकलंय. "आईला कुणाचा फोन आला तर तिथेच बसेल ती. तुम्ही बरे." लीडरचा आणि बेस कॅम्पचा नंबर मला लिहून दिला.

तिला बजावलं — डोकं दुखलं तर लपवू नकोस, खरं रीडिंग सांग. तिनं हात जोडले, "हो हो, काका! शंभरदा सांगून झालंय." शंभरदा सांगितलं, पण का सांगतोय ते एकदाही नाही.

सोमवार, १० जून

नाशिकरोड स्टेशन. वहिनींनी डबा दिला, कुंकू लावलं. अनवरीनं भाग्यश्रीच्या दंडाला, प्रवास सुखरूप व्हावा म्हणून, इमाम जामिन बांधला. गाडीला अर्धा तास उशीर. पूर्ण अर्धा तास! मी काय बोललो? बुटांच्या नाड्यांबद्दल. गाडी हलल्यावर खिडकीतून हात हलवत होती, अगदी कुंदनसारखी, कोपरापासून.

घरी येऊन कपाटातून ते पान काढलं. वाचलं. परत ठेवलं.

शुक्रवार, १४ जून

मेसेज — "पहिला कॅम्प. ९१! बर्फ दिसतोय काका!!" पोरगी खुशीत आहे. वाटलं, उगाच जीव खातोय मी स्वतःचा. होईल सगळं नीट. पान जाळून टाकू का?

सोमवार, १७ जून. बकरी ईद

जसं झालं तसं लिहितो.

घर पाहुण्यांनी भरलेलं. नात अरफा नव्या कपड्यांत सगळीकडे धावतेय. मी मटणाचे वाटे करत होतो. पावणेसहाला फोन वाजला. मेसेज तिचाच —

"ईद मुबारक काका! तिसरा कॅम्प. एका दगडावर चढलं की रेंज येते. डोकं जरा धरलंय, खोकला आहे. तंबूत ६९ आलं होतं. पण टेन्शन नको, बाबांच्या वहीतली तुमची युक्ती केली. लीडरला ८५ दाखवलं!! ते पान कुठे पडलं कोण जाणे, पण मला पाठ होतं. उद्या अजून वर."

तिला फोन लावला. बंद. लीडरचा, बंद. बेस कॅम्पचा लागला. त्यांच्याकडे वायरलेस आहे. तिथला पोरगा म्हणतो, "अंकल, रीडिंग तो अच्छी आई है उसकी. पचासी."

"झूठी है! फिरसे लो! पंधरा मिनिट चूप बिठाओ, फिर लो. मैंने सिखाया है वो. उसका बाप भी ऐसे ही मरा, मैंने ही मारा!"

मुझफ्फर दारात. अनवरीच्या हातात परात होती, तिनं ती खाली ठेवली. अरफा विचारत होती, "नाना क्यूं चिल्लाए?"

पावणेसातला बेसवरून फोन. गप्प बसवून घेतलं तर पासष्ट. ऑक्सिजन लावलाय, दोन माणसं देऊन उतरवायला घेतलंय. कुंदनलाही असंच घेतलं होतं उतरवायला.

अनवरी जानमाज अंथरून दुआ मागत बसलीय. मला जवळ जाववत नाही.

मंगळवार, १८ जून

बेसला पोचली. ब्याण्णव. मशीन दोनदा लावून बघितलं म्हणाले. काल मी फोनवर जे ओरडलो तेही तिला सांगितलं म्हणे.

दुपारी वहिनींकडे जातोय. पान खिशात घेतलंय.

निघताना तिचा मेसेज आला — "पान तुम्ही फाडलंत?"

"हो," लिहिलं. निळ्या खुणा आल्या. पुढे काही नाही.