तीन वेळा शिवलेली वही

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रिय धाकटी,

अनेक आशीर्वाद. आमच्याकडे सगळं ठीक आहे, तुझ्याकडेही ठीक असेल असं धरून चालतो. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच बाजूला ठेवलं असशील तर हरकत नाही. कधीतरी उघड. मजकूर नासणारा नाही.

पावणेदोन वर्षांनी लिहायला बसलोय आणि सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही, म्हणून आधी गंमत सांगतो. ज्याने उभी हयात लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दोरांना वंगण लावण्यात घालवली, तो तुझा भाऊजी या वयात सिनेमा काढायला शिकतोय! हस, मनसोक्त हस. तुझ्या ताईने कपाळाला हात लावला. "नाटकाला नेलं तर पहिल्या अंकात घोरायला लागतात," म्हणाली, "आणि हे सिनेमा काढणार!"

आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग भरतो. आठवड्यातून तीन दुपारी. आम्ही बाराजण आहोत आणि मला सोडलं तर सगळे तिशीच्या आतले. शिकवणाऱ्या बाई, आम्हाला मुलगी असती तर तिच्या वयाच्या असतील. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कॅमेरा दिला आणि समोरची खुर्ची टिपायला सांगितली. मी खुर्ची टिपली, मग छत, मग खिडकी, मग त्यांचा चेहरा, सगळं एका दमात. पडद्यावर ते बघताना पुढच्या रांगेतल्या एकाला गरगरलं. बाई म्हणाल्या, "काका, कॅमेरा म्हणजे झाडू नाही. एका जागी ठेवा, मनात दहा आकडे मोजा, मग बंद करा." तेव्हापासून मी मोजतो. आता दात घासतानाही मोजतो.

आता खरी परीक्षा. प्रत्येकाने पाच मिनिटांची फिल्म करायची. संवाद नाहीत. एक माणूस आणि त्याचं एक काम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मला लांब जायची गरजच नव्हती. घरात तीस वर्षं बाइंडिंग करणारी बाई असताना दुसरं काय शोधायचं? ताईने एक वही शिवायची आणि मी ती टिपायची, असं ठरलं. आधी कागदावर चौकटी आखून त्यात प्रत्येक दृश्य काढायचं असतं. माझ्या चित्रांत तुझी ताई गॅसच्या सिलिंडरसारखी दिसते. तिने ते बघितलं आणि दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली.

माझ्या जोडीला एक नर्स आहे. इस्पितळातली पाळी संपली की थेट वर्गाला येते, आम्ही तिला सिस्टरच म्हणतो. ती रविवारी सकाळी दिवा घेऊन घरी आली आणि खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही चित्रीकरण केलं. कॅमेरा एकच, म्हणून तेच काम तीनदा करायचं असतं. एकदा लांबून, एकदा मधून आणि एकदा फक्त हात. म्हणजे पडद्यावर एक वही दिसायला तीन वह्या शिवायच्या. सिस्टरच्या डोक्यातून एक कल्पना निघाली: प्रत्येक जुजाचा, म्हणजे पानांच्या प्रत्येक घडीचा, कागद वेगळ्या रंगाचा घ्यायचा. पांढरा, पिवळा, निळा, हिरवा. दिसायला छान दिसलं. ताईने दाभण हातात घेतलं आणि मग सिस्टरलाच हुकूम सोडायला लागली, "तू उजेडात उभी आहेस, सरक." मजा आली.

जोडताना थोडं मागेपुढे झालंय. एका चित्रातलं दुसऱ्याशी जुळत नाही. ते मी निस्तरेन.

तुझी तब्येत सांभाळ. गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझा,
भाऊजी

---

गुरुवार, २७ फेब्रुवारी

प्रिय धाकटी,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी होत्या, पण तुझ्या हाताच्या होत्या. "वर्गाचं वाचून बरं वाटलं. हे पत्र ताईने लिहायला सांगितलं का?"

नाही. तिला माहीत नाही. कार्ड मीच टपालपेटीतून काढलं आणि वाचनालयाच्या पुस्तकात ठेवलं.

फिल्म पूर्ण झाली. म्हणजे जोडून झाली. हे जोडकाम मला फार आवडलं गं. वाचनालयाच्या संगणकावर सगळे तुकडे एका ओळीत मांडायचे, नको ते कापायचं, हवं ते सरकवायचं. शेजारी सिस्टर आणि मागे उभ्या बाई. बाईंनी एक युक्ती सांगितली. "हात हलत असतो ना, नेमका तिथे कट मारा. बघणाऱ्याचं लक्ष हाताकडे असतं, जोडाकडे जात नाही." आणि जिथे काहीच जुळत नाही तिथे दुसरंच काहीतरी दाखवायचं. खिडकी दाखवा, कागद चिकटवायच्या खळीची वाटी दाखवा, परत हातांवर या. मधलं गायब झालेलं कोणाच्या लक्षातही येत नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मागेपुढे झालंय. काय झालं होतं ते सांगतो. पहिल्या वेळी ताईने जुजं बरोबर लावली, पांढरा, पिवळा, निळा, हिरवा. दुसऱ्या वेळी पिवळ्याआधी निळा घेतला. तिसऱ्या वेळी पांढरा दोनदा शिवला आणि मग दाभण हवेत धरून थांबली. मी मोजलं, अकरा सेकंद. सवयच लागली आहे मोजायची.

बाईंनी विचारलं, "रंग का बदलले?" मी म्हणालो, "दिसायला बरं म्हणून."

बाई दुसऱ्या टेबलाकडे गेल्यावर सिस्टर हळूच म्हणाली, "काका, काकूंना एकदा दाखवून घ्या." मी म्हणालो, "दाखवणारच आहे की, फिल्म पूर्ण होऊ दे." ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला म्हणालो, "तू दिवा नीट धरला नव्हतास, म्हणून त्रास झाला जोडताना." उगीचच बोललो. दिवा तिने चांगलाच धरला होता.

तर मी कापलं. अकरा सेकंदांच्या जागी खळीची वाटी टाकली. रंग ओळीत बसवले. शनिवारी खालच्या सभागृहात सगळ्यांच्या फिल्म दाखवल्या. चाळीसएक माणसं आली होती. आमची संपली तेव्हा टाळ्या पडल्या. एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "काय सफाई आहे बाईंच्या हातात!"

ताई माझ्या शेजारी बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

पोस्टाची वेळ होत आली, इथे थांबतो.

तुझा,
भाऊजी

---

शुक्रवार, ७ मार्च

प्रिय धाकटी,

मागचं पत्र मी अर्ध्यात टाकलं, हे तुला कळलं असेलच. पोस्टाला चांगले दोन तास होते.

त्या शनिवारी सभागृहातून निघून आम्ही बसथांब्यावर बसलो होतो. समोर एक माणूस दुकानाची पाटी रंगवत होता. ताई त्याच्याकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी मी मध्येच थांबले होते. ते कुठे गेलं?"

मी म्हणालो, "कापलं."

"का?"

"दिसायला बरं नव्हतं."

"कोणाला?"

बस आली, तिने हात केला नाही. गेली बस. मग ती म्हणाली, "एवढं सलग मी हल्ली शिवत नाही. तुम्ही पडद्यावर जी बाई दाखवलीत ती दोन वर्षांपूर्वीची आहे."

बाहेरची कामं बंद केली तेव्हा तिने मला डोळे दुखतात असं सांगितलं होतं. खरं कारण वेगळंच होतं. एका वकिलांचं जाडजूड पुस्तक बांधून दिलं आणि ते परत आलं. पानं उलटसुलट लागली होती. ते भले माणूस, काही न बोलता पुस्तक टेबलावर ठेवून गेले. तिने ते उसवून पुन्हा शिवलं. पुन्हा चुकलं. मला कळू नये म्हणून मी बाजारात गेलो की ती हे करत बसायची. आणि मी तिला कळू नये म्हणून तिने दोनदा मीठ घातलेलं गुपचूप खात होतो, तिने पाहुण्यांना तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की मध्येच विषय बदलत होतो. एका घरात दोन लपवणारे, आणि दोघांनाही वाटतंय की आपणच काय ते हुशार.

धाकटे, मी हे काम वर्गात शिकलो नाही. घरी दोन वर्षं तेच करत होतो. नको ते कापायचं आणि जोड दिसू द्यायचा नाही. त्यात मी तुलाही कापलं.

आता जे लिहायला पहिल्या पत्रापासून टाळतोय ते लिहितो. तू आठ दिवस राहून निघालीस त्या सकाळी ताईला तुमच्या आईचं घड्याळ सापडेना. टॅक्सी दारात उभी, शेजारीण जिन्यात उभी, आणि ताईने तुझी बॅग उघडून कपडे एकेक करून बाहेर काढले. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणालो, "असेल तर देऊन टाक, विषय संपव." तिचं वागणं आजारातलं होतं, हे आज मला कळतंय. माझं बोलणं चांगल्या शुद्धीतलं होतं.

पुढे तीन महिन्यांनी घड्याळ सापडलं. खळीसाठी मैद्याचा डबा असतो ना, त्याच्या तळाशी, फडक्यात नीट गुंडाळलेलं. तिनेच जपून ठेवलेलं. मी ते माझ्या हत्यारांच्या पेटीत टाकलं आणि गप्प बसलो. तुला कळवलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं, आणि तिला सांगितलं असतं तर ते तिथे गेलं कसं, हे आम्हा दोघांना एकमेकांकडे बघून बोलावं लागलं असतं. तेवढी माझ्यात धमक नव्हती. म्हणून तुला दीड वर्ष चोर राहू दिलं. याची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही. मागतो आहे, एवढंच.

त्या शनिवारी घरी आल्यावर मी पेटी उघडली आणि घड्याळ तिच्या हातात दिलं. सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "मी तिची बॅग उघडली होती?"

"हो."

"लोकांसमोर?"

"हो."

"आणि तुम्ही मला थांबवलं नाहीत?"

"नाही."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही, चिडली. माझ्यावर. गेल्या दोन वर्षांत ती माझ्यावर अशी चिडली नव्हती, कारण मी तिला चिडायला जागाच ठेवली नव्हती. म्हणाली, "मला काचेचं भांडं समजून फडताळात ठेवलंत. भांड्याला विचारलंत का?" आणि दार आपटून आत गेली. खरं सांगू? मला जरा हायसं वाटलं.

सोमवारी सिस्टरची माफी मागितली. तिने डॉक्टरांचं नाव लिहून दिलं, एकवीस तारखेची वेळही तिनेच घेतली. विसरण्याचा आजारच असेल असं नाही, असं म्हणाली; तपासल्याशिवाय कोणीच काही सांगू शकत नाही म्हणाली. पण प्रत्येक शब्द ती जपून वापरत होती.

फिल्मचंही सांगतो. ताई म्हणाली, "ते थांबलेलं परत लावा. मी तशी शिवते तर तशी दिसू दे." लावलं. अकरा सेकंद दाभण हवेत, खाली निळा आणि पिवळा, कुठला घ्यावा ते तिला कळत नाहीये. मग ती एक उचलते. चुकीचाच उचलते, पण टाका असा घट्ट मारते की बघत राहावं. बाईंनी दोनदा बघितलं. त्या म्हणाल्या, "आता फिल्ममध्ये माणूस आहे." आणि खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत बसल्या.

मी तुला आधी दोन पत्रं लिहिली हे ताईला आता ठाऊक आहे. तुझं कार्ड तिने वाचलं आणि स्वतःच्या उशीखाली ठेवलं. खालच्या ओळी तिच्या आहेत. मी मध्ये पडलेलो नाही. शुद्धलेखनही तपासलेलं नाही.

तुझा अपराधी,
भाऊजी

*

धाकटे,

हे तीनदा लिहून फाडलं. चौथ्यांदा लिहितेय.

तुझी बॅग मी उघडली. मला ते आठवत नाही, पण यांनी सांगितलं आणि मला पटलं, कारण तू गेल्यापासून तुझा फोन का येत नाही हे विचारायची मला भीती वाटायची. आठवत नाही म्हणून माझी चूक कमी होत नाही. माझं चुकलं. लोकांसमोर चुकलं, म्हणून शेजारणीलाही काल बोलावून सांगितलं, की माझी बहीण चोर नाही. ती म्हणाली, मला माहीत होतं. मग तेव्हा बोलली का नाहीस, असं मी विचारलं. ती चहा न घेताच गेली.

एकवीस तारखेला डॉक्टरांकडे जायचंय. हे बरोबर येतील. पण यांची सवय तुला माहीत आहे, मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं हे देतात. मला माझी उत्तरं मलाच द्यायची आहेत, चुकली तर चुकली. तू आलीस तर यांना बाहेर बसवता येईल.

तुला यावंसं वाटलं नाही तरी मी रागावणार नाही. रागावले तर तो माझा आजार समज.

वाट बघतेय,
तुझीच ताई