चार तासांची अट

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७.२०

१. पिल्लू सकाळी ११ वाजता घरी आलं. पॉमेरेनियन, नर, वय चार महिने, वजन १ किलो ४१० ग्रॅम. (स्वयंपाकघरातला काटा. दोन ग्रॅम इकडेतिकडे.)
२. ११.०४ ला पायपुसण्यावर शू.
३. ११.०६ पासून सोफ्याखाली. हाका मारल्या, उपयोग शून्य.
४. ५.४५ ला आपणहून बाहेर आलं आणि माझ्या डाव्या चपलेवर झोपलं. चप्पल पायात होती. दीड तास उठले नाही. पाय बधिर.

ज्यांच्याकडून आणलं त्या निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना बाईच म्हणतात, मीही. त्यांची अट: दोन आठवड्यांत त्याला चार तास एकटं राहता आलं पाहिजे. आलं तर फोनवर कळवायचं, विषय संपला. नाही आलं तर त्या स्वतः येऊन परत नेणार. म्हणाल्या, “एकट्या मुलीकडे पिल्लू द्यायचं म्हणजे जिवाला घोर गं.” मी म्हटलं, एकटं राहणं हा माझा अनुभवाचा विषय आहे. तेच त्याला शिकवणार आहे.

४ मार्च

योजना तयार. ५ मिनिटं, मग १०, २०, ४०, ८०, १६०, २४०. सात पायऱ्या, सात दिवस. दुसरा आठवडा राखीव, लागणार नाही. लॅबमधून दोन आठवडे घरून काम मागून घेतलंय. आमची लॅब लोकांचे वजनकाटे आणि थर्मामीटर बरोबर आहेत का ते तपासते. त्यामानाने हे सोपं.

पद्धत: दार लावून बाहेर जिन्यात उभं राहायचं, हातात स्टॉपवॉच. आत जुना फोन रेकॉर्डिंगला.

निकाल: ४० सेकंदांत रडारड. आत गेले. उचलायचं नाही असं ठरलं होतं. हृदयाचे ठोके मोजण्यापुरतं उचललं. ठोके मोजायला पंचवीस मिनिटं लागली.

६ मार्च

पहिलीच पायरी ओलांडलेली नाही. उच्चांक १ मिनिट ५० सेकंद.

खालच्या मजल्यावर घड्याळ दुरुस्तीचं दुकान असलेले काका वर आले. “किल्ली आत राहिली का गं?” सगळं समजावलं. काका म्हणाले, “म्हणजे ते आतून दाराकडे तोंड करून आणि तू बाहेरून?” मी म्हटलं, तसंही म्हणता येईल. मग त्यांनी एक स्टूल आणून दिलं. घेतलं. स्टूल उपकरणांत धरते.

८ मार्च

त्याला माणसाच्या आवाजाची सवय हवी म्हणून लॅबची प्रमाणपत्रं मोठ्याने वाचून दाखवते. आज चौदा. चुका दोन सापडल्या, म्हणजे कामालाही फायदा. या घरात इतका वेळ कुणी बोललेलं नव्हतं. पिल्लासाठी चांगलं आहे.

उच्चांक २ मिनिटं ५ सेकंद. वेळापत्रक चार दिवस मागे. पिल्लू हळवं आहे, पद्धतीत दोष नाही.

११ मार्च

बाईंचा फोन. कसं चाललंय विचारलं. प्रगती आहे म्हटलं. ६ तारखेपासून पंधरा सेकंदांची आहे. त्या म्हणाल्या, “न्यायला यावं लागलं तर आधी सांग हो, मला रिक्षा ठरवावी लागते.” फोन ठेवल्यावर पिल्लाची वाटी घासली. स्वच्छच होती.

१२ मार्च. दुपारी ४

सकाळी साहेबांचा फोन: ग्राहक समोर बसलाय, सही तुझीच लागते, आत्ता ये. १०.१५ ला निघाले. पिल्लाला सांगितलं की मी येते. उगाच.

परतले २.४०. एकूण ४ तास २५ मिनिटं. रेकॉर्डिंग पाहिलं. पिल्लू दारापाशी गेलं, फटीला नाक लावलं, तीन मिनिटं हुंगलं. मग गादीवर गेलं आणि झोपलं. एकदा उठून पाणी प्यायलं. पुन्हा झोपलं. २.३८ ला जिन्यात माझी पावलं वाजली, तेव्हा रडायला लागलं.

म्हणजे आठ दिवस ते मी दाराबाहेर उभी होते म्हणून रडत होतं. नवीन मुलांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो: थर्मामीटरच्या टोकाशी हात नेऊ नका, तुमचंच तापमान मोजाल.

१३ मार्च

एका चाचणीवर निष्कर्ष काढत नाहीत. पुन्हा चार तास बाहेर. कुठे जायचं हे योजनेत नव्हतं.

बागेतला बाक, ५० मिनिटं. किराणा, १५ मिनिटं. मीठ आणलं, मीठ घरात होतं. मग काकांच्या दुकानात. त्यांची तीन घड्याळं होईपर्यंत बसले. मध्येच म्हणाले, “तुला कुणी मैत्रीणबित्रीण नाही का गं?” मी म्हटलं, सध्या चाचणी चालू आहे. आतला जुना फोन आज व्हिडिओ कॉलवर ठेवला होता, माझ्या फोनवर मी घरचं चित्र बघत होते. पिल्लू उताणं, चारी पाय वर.

निकाल: उत्तीर्ण.

१४ मार्च, शुक्रवार

बाईंना मेसेज पाठवला. नोंदीसाठी इथे उतरवते. “प्रत्यक्ष तपासणीसाठी” असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं.

“बाई, पिल्लू चार तास शांत राहतं. दोनदा तपासलं. तुमची अट पूर्ण झाली, त्यामुळे त्याला न्यायला यायची गरज नाही. तरीही रविवारी याल का? काम काही नाही. रिक्षा मी पाठवते. शनिवार संध्याकाळपर्यंत कळवा.”