न बोलणारा फोन

ब्रुसेल्स, ४ फेब्रुवारी

प्रिय आईस,

मी सुखरूप आहे. इथली थंडी आपल्या ओउलू शहरापुढे काहीच नाही.

काल संगणकप्रणाली लिहिणाऱ्यांच्या सभेत आमच्या गटाने बनवलेला फोन दाखवला. त्यातली सगळी प्रणाली आम्ही लिहिलेली. ती कुणीही घ्यावी, उघडून हवी तशी बदलावी. टाळ्या पडल्या. मग पहिल्या रांगेतल्या गोडेलीव्ह नावाच्या अंध बाईंनी विचारलं, "हा पडद्यावरचं वाचून दाखवतो ना?" मी बेधडक "हो" म्हणालो. खरं तर फोन पुरा व्हायला उशीर होतोय म्हणून तो वाचून दाखवायचा भाग मीच काढून टाकला होता.

त्यांनी फोन कानाशी धरून बराच वेळ बोटं फिरवली. फोन गप्पच.

"अहो, सगळ्यांसाठी मोकळा म्हणालात," त्या हसून म्हणाल्या, "मग मलाच तेवढं दाराबाहेर का ठेवलंत?"

मान खाली घालून मी सगळ्यांसमोर खोटेपणा कबूल केला. आता आठवडाभर इथेच राहून, त्यांच्याशेजारी बसून तो भाग परत घालतोय. माझ्या चुका त्या पटापट पकडतात.

तुझे डोळे कसे आहेत? नाताळात तू अक्षरं पुसट दिसतात म्हणालीस आणि मी विषय बदलला. त्याची लाज कालच्याहून जास्त वाटते. हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलंय. वाचता आलं का, खरं सांग.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
उर्हो