आत्याच्या गाण्यांचं कुलूप

१२ मार्च २०२२
१. पार्वता आत्याच्या फोनवरची अकरा गाणी काल सकाळी बंद पडली.
२. पडद्यावर एकच ओळ — "लायसन्सची मुदत संपली."
३. गाणी तिनेच रचलेली, तिनेच म्हटलेली.
४. घशाच्या ऑपरेशननंतर ती गात नाही. दुसरी प्रत नाही.

सिहोऱ्याहून फोन. बसका आवाज. "काहून वं विनीता, माझाच आवाज मले बंद?" तिच्याकडून फाइल मागवून घेतली. १४ एप्रिलला खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये, म्हणजे आमच्याकडे, जयंतीला हीच गाणी लागतात.

१३ मार्च
फाइल शाबूत आहे! एक बाइट कमी नाही. आवाज आतच आहे, सांकेतिक करून ठेवलेला. उलगडायची किल्ली गाण्यांचं अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. लायसन्स म्हणजे मालकी नव्हे, वापराची परवानगी — इतके दिवस, इतक्या फोनांवर. कुलूप, किल्ली, अटी : सगळं मिळून डीआरएम. जेवणही विसरले.

बाबांना सांगितलं. फॅक्टरीत तीस वर्षं काढलेला माणूस. "म्हंजे आमची टूलरूम. पितळी टोकन दे, औजार घे. इश्यू झालं म्हणून आपलं थोडीच होते?" कॉलेजात हेच शिकवायला चार तास लागले होते. मग म्हणाले, "पण टोकन कोणाच्या नावाचं, ते पाह्य आधी."

१५ मार्च
कंपनीला कडक पत्र. "अधिकारधारकाला न विचारता कुलूप कसं लावलंत?" छान वाटलं.

१८ मार्च
उत्तर आलं. सोबत २०१९ चा फॉर्म. अधिकारधारक : विनीता. मी.

गाणी अ‍ॅपवर मीच चढवली होती. फॉर्म इंग्रजीत, म्हणून घरातल्या शिकलेल्या मुलीने भरला, नेहमीसारखा. चोरी नको म्हणून "संरक्षण हवे" वर खूण माझी. तीन वर्षांची मुदतही माझी. आत्याला एक शब्द विचारला नाही.

कंपनी म्हणते, अधिकारधारकाची सही आली की कुलूप निघेल. म्हणजे निघेल! लगेच पेन घेतलं.

बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "टोकन तुझंच निघालं ना, इंजिनियर मॅडम?"

सही केली नाही.

१९ मार्च
तिला बोलायचा त्रास होतो, म्हणून चिठ्ठी. सकाळच्या बसने पाठवते.

"आत्या, कुलूप मी लावलं, तुला न विचारता. अधिकारधारक म्हणून आता तुझं नाव घालते. गाणी सगळ्यांना खुली करायची, फक्त आपल्या लोकांना, की बंदच ठेवायची, हे तू ठरव. ३१ मार्चपर्यंत कळव."